बुधवारचा उघडा तास

४ जून

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेतच.

आजवर तुला पत्रे तुझी आई लिहीत असे आणि शेवटच्या ओळीत ‘बाबाही विचारतात’ एवढे माझ्या वतीने जोडत असे. मी खरोखर विचारत होतो की नाही, हा प्रश्न वेगळा. आता ती नाही, आणि केवळ शेवटच्या ओळीचे पत्र पाठवता येत नाही. म्हणून वरच्या ओळीही मलाच लिहाव्या लागत आहेत.

काल तुझ्या मावशीचा फोन आला. “भाऊजी, बसला आहात ना? मग ऐका. तुमची लेक आमच्या गावच्या शाळेत मुख्याध्यापिका झाली.” मी अभिनंदन कळवण्यास सांगितले. ती म्हणाली, “मी काय पोस्टमन आहे? स्वतः कळवा की.” त्यानुसार हे कळवीत आहे. अभिनंदन.

नेमणूक एका वर्षापुरती आहे आणि वर्षअखेरीस संस्थेची कार्यकारिणी तुला कायम करायचे की पुन्हा वर्गावर पाठवायचे हे ठरवणार आहे, असेही तिच्याकडून समजले. शिवाय तुझ्याहून ज्येष्ठ असे एक भाषा शिक्षक तिथे आहेत, त्यांना ही खुर्ची हवी होती, आणि त्यांच्या आवाजामुळे सारी शाळा त्यांना ‘तोफ’ म्हणते. म्हणजे पहिल्याच दिवसापासून तुझ्यावर रोख धरलेला असणार. अशा वेळी अनुभवी माणसाचा सल्ला उपयोगी पडतो. सर्वांच्या आधी फाटकात उभे राहावे. शिक्षकखोलीत चहा घेऊ नये. चहासोबत अधिकारही पातळ होतो. पहिली सहामाही काहीही बदलू नये. आणि आपली चूक कुणाच्या नजरेस पडू देऊ नये. मी या चार गोष्टींवर एक शाळा निवृत्तीपर्यंत चालवली.

त्याच शाळेत तू माझ्या हाताखाली शिकवत असताना जे घडले, त्यात मी आज शिरत नाही. उशिरा आलेल्या मुलांना तू मागच्या दाराने आत घेतलेस, मी तुला लेखी ताकीद दिली, तू दुसऱ्या दिवशी राजीनामा ठेवलास आणि त्यानंतर आपण एकमेकांशी फक्त तुझ्या आईमार्फत बोललो. ताकीद नियमानुसार होती, एवढेच नमूद करतो.

माझी प्रकृती उत्तम आहे. सकाळी वर्तमानपत्रातले मथळे मी मोठ्याने वाचतो, ती जुनी सवय आहे. पूर्वी प्रत्येक मथळ्यावर स्वयंपाकघरातून “काहीतरीच!” असे उत्तर येत असे. आता सगळ्याच बातम्या खऱ्या वाटू लागल्या आहेत.

बाबा

१९ जुलै

चि. भिंगरीस,

तुझे कार्ड मिळाले. ‘सल्ला वाचला. उलट करून बघते आहे.’ संक्षेप हा गुण आहे; परंतु इतका नव्हे.

उलट म्हणजे किती उलट, ते मावशीने सविस्तर सांगितले. तू म्हणे दर बुधवारी ‘उघडा तास’ सुरू केला आहेस. एका शिक्षकाने वर्गावर शिकवायचे, मोकळ्या असलेल्या बाकीच्यांनी मागच्या बाकांवर बसून पाहायचे, आणि शाळा सुटल्यावर त्या तासाविषयी त्याच्यासमोर उघडपणे बोलायचे. कुणावर सक्ती नाही. आणि पहिला उघडा तास तू स्वतः घेतलास, सहावीवर, अपूर्णांकांचा. आणि तो पार फसला.

त्यानंतरचा संवाद मावशीने मला नकला करून ऐकवला. तोफ उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, खरं बोलू की चांगलं बोलू?”

तू म्हणालीस, “खरं बोला. चांगलं काय, घरी गेल्यावर मावशी बोलेलच.”

“मग ऐका. सगळा वेळ तुम्हीच बोललात. पोरांना जांभई द्यायलासुद्धा फट ठेवली नाहीत.”

आणि तू हे वाक्य सर्वांसमक्ष फळ्यावर लिहिलेस, खाली रेघ मारलीस आणि “आणखी?” असे विचारलेस!

बाळ, मी फार वर्षे या धंद्यात काढली आहेत. मुख्याध्यापकाने फसलेला तास दाखवणे म्हणजे आपणच आपल्या खुर्चीचा पाय कापणे. तपासणी वरून खाली होते. मी व्हरांड्यातून चालत असे, खिडकीशी थांबत असे, काय ते टिपून घेत असे आणि संबंधिताला बंद दाराआड सांगत असे. कुणाची बेअब्रू झाली नाही. कुणी सुधारले का, असे तू विचारशील. आवाज मात्र नक्की कमी झाला.

हा उपक्रम तूर्त थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

भात आता मला बऱ्यापैकी जमतो. काल दोघांपुरता झाला.

बाबा

११ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

तुझा परवाचा फोन अवघा दोन मिनिटांचा होता. तरीही इतक्या वर्षांत प्रथमच तू माझ्याशी थेट बोललीस, याची नोंद घेतली आहे. फोन उचलायला मला वेळ लागला, कारण घरातला फोन कुणी दुसरे उचलेल अशी मी अजूनही वाट पाहतो.

बोलण्याचा विषय मात्र आनंदाचा नव्हता. तोफ आणि आणखी काही शिक्षकांनी संस्थेकडे तक्रार केली आहे की उघड्या तासामुळे शिक्षकांचा मान जातो आणि नव्या बाई शाळेचा आखाडा करीत आहेत. मावशीकडून हे कळताच मी तिला म्हणालो होतो की तुमच्या संस्थेचे अध्यक्ष कॉलेजात माझ्या शेजारी बसत, मी त्यांच्याशी बोलून घेतो. मावशीच्या पोटात काही राहत नाही. पुढच्याच तासाला तुझा फोन.

“बाबा, तुम्ही अध्यक्षांना फोन केलात तर मी राजीनामा देईन. आणि तुम्हाला माहितीये, मला तो लिहिता येतो.”

मी म्हणालो, “तुझं पद धोक्यात आहे.”

“माझं पद धोक्यात असू दे. माझ्या बुधवारला हात लावू नका.”

मी फोन केला नाही. क्रमांक फिरवला होता, तिकडे घंटा वाजली, आणि मी ठेवून दिला. इतके सांगणे आवश्यक आहे असे नाही, पण उद्या अध्यक्षांनी ‘कुणाचा तरी फोन येऊन बंद पडला’ असे म्हटले तर गैरसमज नको.

मावशी म्हणते, तुझ्या उघड्या तासाला आता मागे कुणीच बसत नाही. रिकामे बाक आणि पुढे तू. तरीही दर बुधवारी तू घेतेस. या हट्टाचे मूळ कोणत्या घराण्यात आहे, यावर तुझ्या आईचे आणि माझे कधी एकमत झाले नाही.

बाबा

२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

काय सांगतेस!

हे उद्गारचिन्ह मी विचारपूर्वक घातले आहे.

मावशीने फोनवर सुरुवात केली आणि हसून हसून तिला ठसका लागला. पाणी पिऊन आली, पुन्हा हसली. मी तिला क्रमाने सांगण्याची विनंती केली. तिने सांगितले ते असे. सातवीला भाषा शिकवणारे दुसरे शिक्षक आजारी पडले, म्हणून बुधवारी तू त्यांच्या वर्गावर गेलीस आणि कविता शिकवायला घेतलीस. तू! कविता! आपल्या दोघांचेही कविता वाचणे म्हणजे पाढे म्हणणे, हे घरात सर्वमान्य होते. तुझी आई म्हणत असे की बापलेकीने कविता वाचली की कवीला वारस उरत नाही.

तोफ त्या वेळी व्हरांड्यातून जात होते. दार अर्थातच उघडे. पहिल्या कडव्याला ते थांबले. दुसऱ्या कडव्याला त्यांनी कपाळावर हात मारला. तिसऱ्याला आत आले.

“थांबा हो बाई! काय चाललंय हे? बिचारीचा जीव जाईल!”

“कुणाचा?” तू म्हणे गोंधळून मुलांकडे पाहिलेस.

“कवितेचा! द्या इकडे तो खडू.”

आणि तू खडू दिलास. नुसता दिला नाहीस, मागच्या बाकावर जाऊन बसलीस. मग तोफेने तोंड उघडले, शेजारच्या दोन वर्गांतले शिक्षण आपोआप थांबले, मोकळे शिक्षक दारात गोळा झाले आणि हळूहळू येऊन तुझ्या बाजूला बसले. म्हणजे तक्रार करणाऱ्याचाच उघडा तास, भरल्या बाकांसमोर, स्वखुशीने! मुले घंटा झाल्यावरही उठेनात.

संध्याकाळी तू त्यांना इतकेच विचारलेस, “सर, खरं बोलू की चांगलं?” ते म्हणाले, “चांगलं मला माहितीये. खरं बोला.” तेव्हा सर्वांत नव्या, चित्रकलेच्या शिक्षिकेने चाचरत सांगितले की खिडकीकडची रांग तुमच्याकडे नव्हे, एकमेकांकडे पाहून हसत होती, कारण तुम्ही तिकडे एकदाही वळला नाहीत. तोफ चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी खिडकीकडे उभे राहून शिकवू लागले.

मावशीने तुला विचारले म्हणे, “खरं सांग, कविता मुद्दाम वाईट वाचलीस ना?” आणि तू वह्या तपासायला घेतल्यास. मी मावशीला सांगितले की मुद्दाम वाईट वाचायला आधी चांगले वाचता यावे लागते. ते तुला येत नाही. तो विजय शुद्ध आहे.

मी चुकीचा सल्ला दिला होता असे नाही. तो माझ्या शाळेसाठी योग्य होता. तुझी शाळा वेगळी निघाली.

बाबा

८ जानेवारी

प्रति,
मा. मुख्याध्यापिका

विषय : गणित शिक्षकाच्या रजेच्या काळातील तात्पुरत्या जागेसाठी अर्ज

महोदया,

आपल्या शाळेच्या फलकावर गणिताची तात्पुरती जागा रिकामी असल्याचे जाहीर झाले आहे, असे खात्रीलायकरीत्या समजले. (फलक माझ्या मेहुणीने वाचला.) सदर जागेसाठी मी अर्ज करीत आहे. गणिताचा दीर्घ अनुभव, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त, प्रकृती ठणठणीत, शिस्त चोख. नमुना पाठ देण्यास तयार आहे. कोणत्याही प्रकारे विशेष वागणूक मिळू नये, ही विनंती.

आपला नम्र,
एक उमेदवार

ता. क. : हे अर्जाचा भाग नाही. घरात दुपार फार लांब होते. पण ते कारण म्हणून ग्राह्य धरू नये.

२३ जानेवारी

चि. भिंगरीस,

काल तू मला नाकारलेस. त्याविषयी माझे म्हणणे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

घटनाक्रम असा. आठवीचा वर्ग. विषय : त्रिकोणाचे क्षेत्रफळ त्याच पायाच्या आणि त्याच उंचीच्या आयताच्या निम्मे का असते. मागे तू, तोफ, चित्रकलेच्या बाई, इतर शिक्षक आणि कोपऱ्यात तुमचे अध्यक्ष. ते येणार हे मला ठाऊक नव्हते. बुधवारच्या तक्रारीचा निकाल लावण्यापूर्वी त्यांना एक उघडा तास डोळ्यांनी पाहायचा होता, आणि त्यांच्या नशिबी माझा आला.

पाठ माझ्या मते निर्दोष झाला. आकृती रेखीव, अक्षर सरळ, सिद्धता पायरी न चुकता. वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मी विचारले, “कळले?” वर्ग एका सुरात म्हणाला, “हो सर.” मी खडू ठेवला.

तोफ म्हणाले, “सर, पाठ सुरेख. मुलांवाचूनही झाला असता.”

मग तुझी खोली. तू टेबलापलीकडे, मी अलीकडे. तू मला ‘सर’ म्हणालीस, ते उचितच होते.

“सर, ही जागा तुम्हाला देता येणार नाही.”

“कारण विचारू शकतो?”

“तुम्ही विचारलंत, कळलं का. मुलं हो म्हणाली.”

“मग?”

“कुणालाच कळलं नव्हतं, सर. मी नंतर विचारलं.”

तुझा आवाज स्थिर होता. हात टेबलाखाली होते, म्हणून त्यांच्याविषयी सांगता येत नाही. उठताना तू हळूच म्हणालीस, “बाबा, जेवून जा. मावशीने पान वाढून ठेवलंय.” मी म्हणालो, बस चुकेल. बस पाचची होती. मी तीनला स्थानकावर पोहोचलो. तिथे बसणे मला सोयीचे वाटले.

फाटकाशी अध्यक्षांनी गाठले. कॉलेजात माझ्या ताठ बसण्यामुळे मला ‘पट्टी’ म्हणत, ते त्याने अजून सोडलेले नाही.

“काय रे पट्टी, पोरीसाठी मुद्दाम वाईट शिकवलंस का?”

मी म्हणालो, “नाही. मी नेहमी असेच शिकवत आलो आहे. आणि निकाल उत्तम लागत असत.”

तो माझ्याबरोबर फाटकाबाहेर आला. मग म्हणाला, “सख्ख्या बापाला तोंडावर नाही म्हणाली. मला वाटलं होतं, कागद पाठवेल.” मी म्हणालो, “कागद पाठवणारी मुख्याध्यापिका तुला हवी असेल, तर तुझ्या संस्थेत इतर पुष्कळ असतील.” हे मी शिफारस म्हणून बोललो नाही. तू शिफारशीस मनाई केली आहेस. मला राग आला होता, म्हणून बोललो.

जिची निवड केलीस, तिचा पाठ माझ्या पाठाआधी झाला; तो मी दाराशी उभा राहून थोडा पाहिला. तिने फळ्यावर बेरीज चुकवली. एका मुलाने हात वर केला, ती “अरेच्चा, खरंच की!” म्हणाली आणि खडू त्याच्या हातात दिला. माझ्या शाळेत तिला मी पहिल्या फेरीतच घरी पाठवले असते.

बसमध्ये मी सगळा पाठ मनात पुन्हा घेतला, आणि या वेळी फळ्याकडे न पाहता मुलांकडे पाहिले. तेव्हा जे दिसले ते लिहितो, आणि ते लिहिण्यासाठीच हे पत्र आहे. निवड योग्य झाली. तुझ्या जागी मी असतो, तर मला कधीच नाकारले नसते. आणि तोच तुझ्या माझ्या मुख्याध्यापकीतला फरक आहे. अशी मुख्याध्यापिका मी घडवली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण घडवणारी बहुधा स्वयंपाकघरातून “काहीतरीच!” म्हणणारी होती.

बाबा

१३ मार्च

चि. भिंगरीस,

हे पत्र अनावश्यक आहे. यात लिहिलेले सर्व काही तू स्वतः पाहिले आहेस. तरीही लिहितो.

प्रथम तुझी गोष्ट. कार्यकारिणीने तुला कायम केले, हे तू काल शिक्षकखोलीत सांगितलेस तेव्हा मी चहाचा कप हातात धरून तिथेच उभा होतो. (होय, शिक्षकखोलीत. होय, चहा.) पण कार्यकारिणीने शिक्षकांना एकेक करून आत बोलावले, तेव्हा तोफ काय बोलले हे तुला कुणी सांगितले नसेल. अध्यक्षाने मला सांगितले. तोफ म्हणाले, “तक्रार मीच केली होती, ती मीच मागे घेतो. बाई राहोत न राहोत, बुधवार राहू द्या.” अध्यक्षाने विचारले, “आणि बाई गेल्या तर बुधवारी पहिल्यांदा उभं कोण राहणार? तुम्ही?” तोफ म्हणे बराच वेळ गप्प बसले, आणि ती गोष्टच कार्यकारिणीला इतकी नवी वाटली की मतदानाची गरज उरली नाही. शेवटी ते म्हणाले, “फसायला छाती लागते हो. ती त्यांच्याकडे आहे. आम्ही आत्ता कुठे शिकतोय.”

एका वर्षात तू ज्या खोलीत सगळे तुझ्याविरुद्ध होते, त्या खोलीला शिकवले आणि त्या खोलीकडून शिकलीस. माझ्या कारकिर्दीत मी शाळा शांत ठेवली. तू बोलती केलीस. हे मी तुझ्यासमोर म्हणू शकलो नाही, कारण तोंडात बिस्कीट होते.

आता माझी गोष्ट. नकारानंतर आठवड्याने तुझा फोन आला होता, “बाबा, जागा नाही. पण बुधवार आहे. तोच पाठ पुन्हा घ्या.” तेव्हापासून मी दर बुधवारी सकाळच्या बसने येतो आणि तोच त्रिकोण शिकवतो. दर वेळी तुम्ही सगळे मागे बसून मला सोलून काढता. दर वेळी मी विचारतो, कळले का. आणि दर वेळी मुले, भिडेने असो की सवयीने, हो म्हणतात.

काल मी विचारले, आणि तिसऱ्या बाकावरची, सदा पेन्सिल चावणारी मुलगी उभी राहिली.

“सर, नाही कळलं.”

बाळ, एवढी वर्षे वर्गावर काढली. एवढ्या मुलांपुढे उभा राहिलो. हे वाक्य मला कुणी, कधीही, एकदासुद्धा ऐकवले नव्हते. मला वाटत असे, ती माझी कमाई आहे.

मी पुन्हा सांगितले. ती म्हणाली, “तो सरळ त्रिकोण असतो तेव्हा कळतं. हा तिरका आहे ना, याची उंची बाहेरच पडते. मग निम्मा कशाचा?” प्रश्न अचूक होता. मी तिसऱ्यांदा सांगितले. ती मान हलवून म्हणाली, “अजून नाही.” मग माझ्याजवळचे संपले. मी खडू खाली ठेवला. मागे तुम्ही सगळे होतात आणि, आश्चर्य असे, मला त्याची लाज वाटली नाही. मी तिला म्हणालो, “मलाही आता सुचत नाही. तुला काय दिसतं?”

तिने कागदाचा तिरका त्रिकोण कापला. पुष्कळ वेळ फिरवून पाहिला. मग म्हणाली, “सर, दुसरा अस्साच कापा ना.” मी कापला. घाईत कड वाकडी झाली. तिने दोन्ही तुकडे एकमेकांना उलटे चिकटवून ठेवले, एक कललेला चौकोन झाला, त्याचे एक टोक कापून दुसऱ्या बाजूला लावले, आणि बाकावर आयत पडला. “हा बघा! झाला की! दोन मिळून एक, म्हणजे एकाचा निम्मा!” सगळा वर्ग तिच्या बाकावर लोटला. एवढा गोंधळ! माझ्या शाळेत असा गोंधळ झाला असता, तर मी तीन वर्ग ओलांडून धावत गेलो असतो. काल मी त्या गोंधळात उभा होतो आणि आणखी कागद वाटत होतो.

हे सर्व तू मागच्या बाकावरून पाहिलेस. तू डोळे पुसत होतीस की चष्मा, हे मला इतक्या लांबून नीट दिसले नाही, आणि मी विचारणारही नाही.

लिहिण्याचे कारण वेगळे आहे. काल घरी आलो, कुलूप उघडले, दिवा लावायच्या आधीच मी आत ओरडलो, “अगं ऐकलंस का? आज मला एक मुलगी म्हणाली, नाही कळलं!”

मग लक्षात आले. दिवा लावला. पण बातमी एवढी मोठी होती की ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती. म्हणून, तुला ठाऊक असले तरी, तुला सांगितली.

बाबा